पिकअपची उंची नेमकी कुठून वाढते?

अमेरिकेत फोर्ड एफ-१५०सारखे पिकअप उंच करून घेण्याची हौस मोठी आहे. ४ इंचांचा लिफ्ट किट आणि ३५ इंची टायर बसवले की गाडी किती उंच होते? बेरीज सरळ नाही. टायरच्या व्यासातली निम्मीच वाढ उंचीत उतरते, कारण आस चाकाच्या मध्यावर असतो. मूळ टायर ३२ इंचांचा असेल तर ३५ इंची टायर गाडीला दीड इंचच उचलतो; एकूण साडेपाच.

यातली खरी मेख मागच्या आसाची. सस्पेन्शन लिफ्ट चासी उचलतो, बॉडी लिफ्ट तर चासीवरची फक्त बॉडी. पण मागचा अखंड आस आणि त्यावरचा डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून आहे तेवढ्याच उंचीवर राहतो. तो वर जातो फक्त मोठ्या टायरमुळे. खडकाळ वाटेवर आधी तोच घासतो, म्हणून माझ्या मते हा दीड इंच त्या चार इंचांहून मोलाचा.

मात्र मोठ्या टायरने स्पीडोमीटर चुकतो: काटा ६० मैल दाखवत असताना वेग साडेपासष्टच्या आसपास असतो. गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर गाडी कलंडण्याचा धोकाही वाढतो. हेडलाइट खाली वळवून घ्यायलाच हवेत. नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात.