नगररक्षक, ठग आणि संशय

रहस्यकथेचे वेड मराठी वाचकाला नवे नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांनी एका पिढीला रात्र रात्र जागविले. त्याच वेडाचा एक वेगळा अवतार म्हणजे भूमिका घेऊन खेळावयाचे खेळ. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला आणि तेथून ही प्रथा जगभर पसरली. आपल्याकडेही मोठ्या शहरांतील तरुण मंडळी आता हे खेळ खेळतात.

खेळ समजावयास सोपा आहे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे पात्रे होतात. सोंगट्यांचा पट असलाच पाहिजे असे नाही. कागद, पेन्सिल आणि फासे असले की झाले. त्यांतला एक फासा वीस बाजूंचा असतो. “मी दार ढकलतो,” असे एखाद्याने म्हटले की सूत्रधार त्याला फासा टाकावयास सांगतो. दान चांगले पडले तर दार उघडते, वाईट पडले तर आतला माणूस जागा होतो. अशी गोष्ट पुढे सरकत जाते. येथे कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. सर्वांनी मिळून एक नाटक रचावयाचे असते.

या खेळातले एक आवडते कथानक असे आहे. पात्रे एका काल्पनिक नगराचे रक्षक असतात. आपल्या जुन्या भाषेत कोतवालाचे शिपाई म्हणा. नगरात रात्री खून पडू लागतात. प्रत्येक प्रेताजवळ एकच खूण सापडते. शिपाई त्या खुणेचा माग काढीत गल्लीबोळांतून एका तळघरापाशी पोचतात आणि तेथे त्यांना एक गुप्त पंथ आढळतो. गुन्हा हीच त्या पंथाची पूजा असते. मग चकमक उडते, पंथाचा नायनाट होतो आणि नगर सुखाने झोपते.

कथानक रंगतदार आहे यात शंका नाही. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: पंथ आहेच. सूत्रधाराने तो खेळ सुरू होण्यापूर्वीच आपल्या वहीत लिहून ठेवलेला असतो. शिपायांचा संशय आज ना उद्या खरा ठरणार, हे ठरलेलेच असते. खऱ्या तपासात असा सूत्रधार नसतो आणि त्याची वहीही नसते. तेथे गुन्हा घडला हे सिद्ध करावे लागते, तो अमक्याने केला हे सिद्ध करावे लागते आणि त्याच्यामागे एखादा ‘पंथ’ आहे असे म्हणावयाचे असेल तर तेही निराळे सिद्ध करावे लागते. या तीन पायऱ्या एकच आहेत असे समजले, की काय अनर्थ होतो हे आपल्याच इतिहासात पाहावयास मिळते.

गुन्ह्यालाच धर्म मानणारा पंथ ही कल्पना पाश्चात्त्यांच्या मनात रुजली, त्यात आपल्या देशातील ठगांचा वाटा मोठा आहे. निजामाच्या चाकरीत असलेल्या फिलिप मेडोज टेलरने १८३९ साली एका ठगाचा कबुलीजबाब कादंबरीरूपाने प्रसिद्ध केला आणि अमीर अली हे त्यातील पात्र इंग्लंडात घरोघरी पोचले. १९८४ सालच्या ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’ या चित्रपटात आपल्या अमरीश पुरींनी रंगविलेला पुजारी याच परंपरेतला. खेळातील तळघराचा पायाही काही अंशी येथेच आहे.

आता मूळ घटना पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रेल्वे नव्हती. यात्रेकरू, रजेवर निघालेले शिपाई, सावकारांची रोकड नेणारे जासूद, सारे पायी किंवा घोड्यावरून जात. ठगांच्या टोळ्या साध्या वाटसरूंच्या वेषात त्यांना गाठीत, गोड बोलून विश्वास संपादन करीत, काही मजल बरोबर चालत आणि योग्य जागा येताच रुमालाने गळा आवळीत. दक्षिणेकडे त्यांना ‘फासीगार’ म्हणत ते यामुळेच. प्रेते पुरून टाकीत किंवा विहिरीत ढकलीत. मुंबई आणि माळवा यांच्यामधून जाणारी रोकड खानदेशाच्या वाटेने जाई. त्यामुळे आपला प्रदेशही या प्रकारातून सुटला नव्हता.

या गुन्ह्यांचा शोध लागणे कठीण होते. मेलेला माणूस घरापासून दूर असे. तो परतला नाही हे घरच्यांना कळावयास महिने लागत. प्रेत सापडत नसे. शिवाय खून एका संस्थानात, लुटीची वाटणी दुसऱ्यात आणि खुनी राहावयास तिसऱ्यात, असा प्रकार असल्याने कोणत्याही एका अधिकाऱ्याचा हात सगळीकडे पोचत नसे.

हे काम विल्यम हेन्री स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने नर्मदेकाठी, जबलपूरच्या बाजूला हाती घेतले. त्याची पद्धत अभ्यासण्याजोगी आहे. पकडलेल्या ठगांपैकी काहींना त्याने जिवाची हमी देऊन माफीचे साक्षीदार केले. त्यांच्या जबान्या घेऊन त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. टोळ्यांतील माणसांच्या वंशावळी काढल्या, खुनांच्या जागा नकाशावर मांडल्या. फिरंगिया नावाच्या प्रसिद्ध ठगाने सलोदा येथील आमराईत जागा दाखविली आणि तेथे खणल्यावर खरोखरच प्रेते निघाली. ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश स्लीमनने १८३६ साली छापला. १८२६ ते १८३५ या काळात पंधराशेहून अधिक कैद्यांवर खटले चालले आणि त्यांपैकी सुमारे चौदाशे जणांना फाशी किंवा जन्माचे काळे पाणी झाले.

येथवर तपासाची पहिली पायरी भक्कम होती. माणसे मारली गेली होती, हाडे जमिनीतून निघाली होती. मारेकऱ्यांच्या टोळ्या होत्या, हेही नाकारता येत नाही. पण पुढची पायरी स्लीमनने फार वेगाने चढली. ठग कुदळीची पूजा करतात, शकुन पाहतात, कामगिरीनंतर गूळ वाटून खातात, देवीला मानतात, असे साक्षीदारांनी सांगितले. त्यावरून ठगी हा कालीच्या उपासकांचा देशभर पसरलेला एक गुप्त धर्मच आहे, असा निष्कर्ष काढण्यात आला.

आपण भारतीय वाचकांनी यावर क्षणभर थांबून विचार करावा. दसऱ्याला शिपाई शस्त्रांची पूजा करतो, लक्ष्मीपूजनाला व्यापारी वहीची करतो, पोळ्याला शेतकरी बैलांना ओवाळतो. कामास निघताना कोणते पाखरू आडवे गेले हेही आपल्यापैकी पुष्कळ जण पाहतात. म्हणून शेती किंवा व्यापार हा गुप्त पंथ ठरत नाही. ठगांत हिंदू होते तसेच मुसलमानही होते. आपल्या हत्याराला नमस्कार करणे ही या देशातील सर्वच धंद्यांची रीत; दरोडेखोराने ती पाळली यात नवल ते काय? हिरालाल गुप्त यांनी १९५९ सालीच स्लीमनच्या मांडणीवर शंका घेतली होती. अलीकडे किम वॅगनर यांनी २००७ सालच्या आपल्या ग्रंथात असे दाखविले, की ठगी हा वाटमारीचा एक प्रकार म्हणून खरा होता. धर्मपंथ म्हणून रंगविलेले त्याचे चित्र मात्र टिकत नाही.

कोणी म्हणेल, पंथ म्हटले काय किंवा टोळी म्हटले काय, फरक कोठे पडतो? फरक कायद्यात पडला. १८३६ सालच्या तिसाव्या कायद्याने असे ठरविले, की एखादा माणूस ठगांच्या टोळीत कधी काळी होता एवढे सिद्ध झाले, तरी त्याला जन्मठेप द्यावी. त्याने अमुक एक खून केला, हे दाखविण्याची गरज उरली नाही. ‘याने काय केले?’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘हा कोणांपैकी आहे?’ हा प्रश्न पुढे आला.

प्रश्न एकदा असा फिरला, की तो माणसाच्या जन्मापाशी जाऊन थांबतो. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि १९११ साली तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू करण्यात आला. काही जमातींत जन्मलेले मूल पाळण्यातच संशयित ठरले. पोलिसांकडे हजेरी द्यावयाची, परवानगीशिवाय गाव सोडावयाचे नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली; लोक तिला ‘सेटलमेंट’ म्हणत. देश स्वतंत्र झाल्यावर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हा कायदा देशभर रद्द झाला. कायदा गेला, शिक्का मात्र राहिला. तो शिक्का अंगावर वागविणे म्हणजे काय, हे लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ वाचणाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

याच काळात खानदेशात घडलेली एक गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे. कंपनी सरकारच्या कागदांत भिल्ल म्हणजे लुटारू, असे समीकरण झाले होते. १८२५ साली जेम्स औट्रमने धरणगाव येथे भिल्लांचीच पलटण उभी केली आणि मुलखाच्या बंदोबस्ताचे काम तिच्यावर सोपविले. कालचे ‘लुटारू’ आजचे रक्षक झाले. माणसांचे रक्त एका वर्षात बदलत नाही. बदलले ते त्यांच्याकडे पाहणाऱ्यांचे डोळे आणि त्यांना मिळालेले काम. गुन्हेगारी जन्मजात असते असे मानणाऱ्यांना धरणगावचे हे उत्तर पुरेसे व्हावे.

हा सारा इतिहास आपल्यासाठी जुना झाला असता तर बरे होते. तसे झाले नाही. १ जुलै २०१८, रविवार. आपल्याच साक्री तालुक्यातील राईनपाडा गावी आठवड्याचा बाजार भरला होता. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा काही दिवस मोबाइलवरून हातोहात फिरत होती. बाजारात आलेले पाच अनोळखी पुरुष लोकांच्या डोळ्यांत भरले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते. सोलापूरकडून भिक्षेसाठी भटकत आलेले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मरेस्तोवर मारले. पाचही जण गेले.

त्या दिवशी तेथे प्रत्येक जण स्वतःला गावाचा रक्षक समजत होता. टोळी आहे, हे त्यांच्या वहीत आधीच लिहिलेले होते. ती वही म्हणजे हातातला मोबाइल. उरले होते ते फक्त टोळीतली माणसे ओळखणे. परका वेष, परकी बोली, फिरता संसार एवढ्या खुणा पुरेशा ठरल्या. ज्या नाथपंथाचे ते होते तो शेकडो वर्षे भिक्षेची झोळी घेऊन आपल्या दारी येत आला आहे, हे कोणाला आठवले नाही. पुढे १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेसंबंधी निकाल देताना प्रत्येक जिल्ह्यात त्यासाठी जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्याचा आदेश दिला. आदेश योग्यच आहे. परंतु बाजाराच्या गर्दीत पहिला प्रश्न विचारणारा माणूस गावातलाच असावा लागतो.

तो प्रश्न कोणता? कायद्याने तो फार पूर्वीच सांगून ठेवला आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध ग्राह्य धरली नाही. साथीदाराच्या साक्षीला महत्त्वाच्या बाबतीत दुसरा आधार मिळाल्याखेरीज तिच्यावर विसंबू नये, अशी सावधगिरीही त्यात होती. आता त्या जागी नवा कायदा आला असला तरी ही तत्त्वे कायम आहेत. त्यांचा साध्या भाषेतला अर्थ इतकाच: तुला हे कोणी सांगितले, त्याला कोणी सांगितले, आणि स्वतःच्या डोळ्यांनी कोणी काय पाहिले? राईनपाड्यात कोणते मूल हरवले होते, हा एक प्रश्न मोठ्याने विचारला गेला असता तर अफवेला उत्तर देता आले नसते.

विद्यार्थिमित्रांनी भूमिकांचे खेळ जरूर खेळावेत. दुसऱ्याच्या जागी उभे राहून विचार करण्याची सवय त्यांतून लागते, आणि ती सवय कला शाखेच्या शिक्षणाचा गाभाच आहे. फक्त एखादे वेळी सूत्रधाराने कथानकाला थोडे वळण द्यावे. नगरात खून पडले आहेत, लोक भ्याले आहेत, वेशीबाहेर भटक्यांचा तळ उतरला आहे आणि सारे नगर म्हणते आहे की पंथ तोच. वहीत मात्र पंथ कोठेच लिहिलेला नाही. अशा वेळी जमावाला वेशीवर थोपवून धरणे आणि खऱ्या खुन्याचा माग काढीत राहणे, हे शिपायाच्या भूमिकेतले सर्वांत अवघड काम आहे. त्याला फाशांचे दान उपयोगी पडत नाही.