शिगेवरची मोटार

अमेरिकेतल्या लाकडाच्या वखारीत 'टू बाय फोर' मागितलं, तर हातात येणारी फळी दोन इंच जाड नसते आणि चार इंच रुंदही नसते. ती दीड बाय साडेतीन असते, म्हणजे ३८ बाय ८९ मिलिमीटर. पूर्वी ओलं लाकूड चिरताना माप दोन बाय चारचं धरत, मग ते वाळे, त्यावर रंधा फिरे; नाव तेवढं जुनं राहिलं. असल्या खोट्या नावाच्या फळ्या, नळाच्या पाइपाचे दोन तुकडे, डबाभर बोल्ट आणि चार चाकं एवढ्या सामानावर तिकडची हौशी माणसं अख्खी मोटार शिगेवर चढवतात आणि कोंबडी भाजावी तशी गोल फिरवतात.

"लाकडाचं? आणि वर मोटार?" विषय ऐकून संपादकांनी विचारलं होतं. शंका रास्त होती. पण मोटार आणि लाकूड यांचं नातं काही आजचं नाही. इंग्लंडात मॅल्व्हर्नला १९०९ साली सुरू झालेली मॉर्गन कंपनी अजूनही ॲश लाकडाच्या सांगाड्यावर पत्रा चढवते. मॉरिस मायनर ट्रॅव्हलर या गाडीचा मागचा लाकडी सांगाडा शोभेचा नाही, भार घेणारा आहे. तो कुजला तर तिथल्या वार्षिक तपासणीत गाडी नापास होते. १९५९ मध्ये जेम मार्श आणि फ्रँक कॉस्टिन यांनी आपापल्या आडनावांची पहिली अक्षरं जोडून 'मार्कोस' काढली, तिची तर चॅसीच प्लायवूडची. तेव्हा प्रश्न लाकूड टिकेल का, हा नाही. ते कुठे टिकतं आणि कुठे दगा देतं, हा आहे.

अमेरिकेत या यंत्राला रोटिसरी म्हणतात, इंग्लंडात रोलओव्हर जिग किंवा सरळ 'स्पिट', म्हणजे शीग. रचना साधी. पुढे एक घोडा, मागे एक घोडा. दोन्हींच्या माथ्यावर एकेक फिरता पाइप, आणि पाइपाला जोडलेला आडवा दांडा गाडीच्या बंपरच्या जागी बोल्टांनी आवळलेला. इंजिन, चाकं, दारं, काचा सगळं आधीच उतरवलेलं. उरलेला पत्र्याचा सांगाडा मग एका माणसाच्या हातानं कुशीवर वळतो आणि पार उताणा होतो. मोठ्या कारखान्यांना ही कल्पना नवी नाही. जर्मनीच्या ड्यूर कंपनीच्या 'रोडिप' पद्धतीत रंगाच्या हौदात बुडालेली बॉडी चक्क ३६० अंशांत फिरते, म्हणजे आतल्या पोकळ्यांत हवा अडकून राहत नाही. घरच्या गॅरेजात मात्र हौद नसतो, असतो तो गंज.

आणि गंजासाठी एमजीबीइतकं चांगलं उदाहरण शोधून सापडायचं नाही. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमध्ये १९६२ पासून १९८० पर्यंत ही दोन दारांची छोटी स्पोर्ट्‌स कार बनत होती. एकूण पाच लाखांवर गाड्या झाल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. तिच्या आधीच्या एमजीएला वेगळी चॅसी होती, एमजीबीला नाही. पत्र्याची बॉडी हीच तिची चॅसी. छत उघडं असल्यानं गाडीचा सगळा पीळ दारांखालच्या पत्र्याच्या पेट्यांवर येतो. त्यांना सिल म्हणतात. ही पेटी एका पत्र्याची नाही. बाहेरचा पत्रा, मधला पडदा, आतला पत्रा आणि खाली आणखी एक पट्टी. पुढच्या चाकाच्या मागे, मडगार्डच्या पोटात चिखल आणि पाला साचतो, ओल धरून बसतो आणि सिलचं टोक आतून खातो. बाहेरून रंग चकचकीत, आत भुसा.

आता हे सिल बदलायचं तर माणूस गाडीखाली उताणा झोपतो. डोक्यावर वेल्डिंग. वितळलेला थेंब गुरुत्वाकर्षणाचा नियम मोडत नाही, तो कॉलरमधून आत जातो. जोडही नीट भरत नाही, कारण वितळलेलं लोखंड खाली ओघळू पाहतं. तोच सांगाडा आडवा करून जोड हाताखाली आणला की नवशिक्याचं वेल्डिंगसुद्धा बरं दिसू लागतं. जुनं डांबरी अंडरसील खरवडणं, गंज घासणं, तळाला रंग मारणं, ही कामं उभ्यानं होतात. शिगेचा सगळा फायदा एवढाच आहे आणि तो थोडाथोडका नाही.

तयार लोखंडी रोटिसरी तिकडे चांगलीच महाग पडते. वापर एका गाडीपुरता, फार तर वर्ष-दोन वर्षांचा. म्हणून लाकूड. तेही नेहमीच स्वस्त असतं असं नाही. मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या वायदेबाजारात हजार बोर्ड फुटांचा भाव १,६०० डॉलरवर गेला होता. त्या महिन्यात कुणी काटकसर म्हणून लाकडी शीग बांधली असेल, तर त्याच्या हिशेबाला दाद द्यायला हवी.

पण या यंत्रात खरा जीव कशात असेल, तर तो माथ्यावर पाइप ज्यात फिरतो त्या भोकात. प्रश्न एका ओळीचा आहे: भोक नेमकं कुठे पाडायचं?

जमिनीपासूनची उंची भूमितीनं ठरते. एमजीबीची रुंदी सुमारे पाच फूट. नुसता सांगाडा अडीच फूट उंच धरला, तर मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर निघतं साधारण ३४ इंच. म्हणजे आस तीन फुटांच्या वर हवा, नाहीतर गाडी वळताना फरशीला घासणार. इथवर शाळेतला पायथागोरस पुरतो. पुढचं कोडं गाडीच्या तोलाचं. आस सांगाड्याच्या गुरुत्वमध्यातून गेला, तर गाडी बोटानं फिरते आणि सोडाल तिथे थांबते. आस गुरुत्वमध्याच्या वर गेला, तर ती पाळण्यासारखी परत सरळ होऊ पाहते. खाली गेला, तर संधी मिळताच स्वतःहून उलटते.

आकड्यांत पाहू. समजा सांगाडा २५० किलोचा आहे आणि चूक फक्त पाच सेंटिमीटरची. गाडी कुशीवर असताना, आसापासून ७५ सेंटिमीटरवरची कड धरली, तर सुमारे १७ किलोचा जोर लावावा लागतो. पिशवीभर तांदूळ उचलण्याइतकाच. चूक पंधरा सेंटिमीटर झाली, की तोच जोर ५० किलो. एवढं वजन हातातून सुटलं, तर समोरच्या माणसाची हनुवटी वाचत नाही.

म्हणून जाणकार एकच भोक पाडून बसत नाहीत. आडव्या दांड्याला धरणाऱ्या उभ्या पट्टीत ते एकाखाली एक अशी सात-आठ भोकं पाडतात. गाडी अंदाजानं मधल्या भोकावर टांगायची, दोघांनी दोन्ही कडा धरायच्या, थोडी तिरकी करून हलकेच सैल सोडायची. परत आली तर आस एक भोक खाली, पुढे पळाली तर एक भोक वर. पुढच्या आणि मागच्या पाइपामधून दोरा ताणून दोन्ही एका रेषेत आहेत का, तेही पाहावं लागतं, कारण बंपरच्या जागा पुढे एका उंचीवर असतात आणि मागे दुसऱ्या. रेषा चुकली तर पाइप भोकात आवळतो, लाकूड करकरतं, आणि दोष बिचाऱ्या लाकडाला लागतो.

यातली गंमत, किंवा दुखणं, असं की हा तोल टिकत नाही. कुजका तळ कापून काढला की गुरुत्वमध्य वर सरकतो, नवा तळ आणि नवे सिल बसले की खाली येतो. डिकीचं झाकण तपासायला म्हणून लावलं, तरी फरक पडतो. महिन्यापूर्वी गरीब गाईसारखी फिरणारी गाडी आज अचानक शिंग उगारते. यावर उपाय कुलूप. पाइपाला प्लायवूडची जाड चकती जोडतात, तिच्या कडेनं भोकं पाडतात आणि त्यांतून घोड्यात लोखंडी खुंटी ठोकतात. खुंटी घातल्याशिवाय गाडीखाली हात घालायचा नाही. या यंत्राचा हा एकमेव नियम खरोखर न मोडण्यासारखा आहे.

बेअरिंगचं काय? इथे लाकडी शीग लोखंडीपेक्षा शहाणी वाटते. टू बाय फोरच्या तीन फळ्या एकावर एक चिकटवल्या, की ११४ मिलिमीटर जाडीचा ठोकळा होतो. त्यात पाइपाच्या मापाचं भोक पाडून वंगण चोपडलं की झालं. बॉल बेअरिंग घालण्यात अर्थ नाही. बैलगाडीच्या चाकाला मैलोन्‌मैल फिरावं लागतं, ही शीग उभ्या जन्मात काही डझन फेरे घेते.

लाकडाच्या खोडी मात्र ठाऊक हव्यात. रेषांच्या दिशेनं ते ताठ असतं, आडव्या दिशेनं दबतं. बोल्टाच्या डोक्याखाली रुंद लोखंडी पट्टी नसेल, तर बोल्ट लाकडात रुततो आणि आवळलेला सांधा महिन्याभरात ढिला पडतो. भोक फळीच्या टोकाजवळ पाडलं, तर फळी रेषेत चिरते. नरम लाकडात ओढ घेणाऱ्या बोल्टाला टोकापासून जाडीच्या सातपट अंतर ठेवावं, असा अमेरिकी लाकूडबांधणीचा संकेत आहे, म्हणजे अर्ध्या इंची बोल्टाला साडेतीन इंच. आणि जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू इथे चालत नाहीत. ते कडक असतात पण ठिसूळ. वाकत नाहीत, तुटतात, आणि तुटण्याआधी सांगत नाहीत.

दोन घोडे खालून एका लांब तुळईनं जोडलेले नसतील, तर घोड्यांना फाकण्यापासून अडवायला गाडीच उरते. मग जिला दुरुस्त करायचं, तीच यंत्राचा भाग होते. चाकं लहान असतील, तर गॅरेजच्या फरशीतली एक भेग पुरते. तीन चाकं पुढे जातात, चौथं अडतं, आणि वर टांगलेलं सगळं डुलतं.

सर्वांत मोठी भीती आगीची. वितळलेलं लोखंड सुमारे १,५०० अंश सेल्सिअसचं असतं, लाकडाला पेटायला ३०० च्या आसपासची उष्णता पुरते. त्यात खाली भुसा, वर डांबरी अंडरसील, सिलच्या पोटात कुणीतरी पूर्वी ओतलेलं मेण किंवा जुनं ऑइल. एमजीबीची पेट्रोलची टाकी डिकीखाली असते. ती नुसती रिकामी करून भागत नाही, उतरवून घराबाहेर ठेवावी लागते, कारण रिकाम्या टाकीत वाफ असतेच. ठिणगी फळीच्या फटीत शिरली तर ज्वाळा लगेच दिसत नाही. ती आत धुमसते. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत आगीचा धोका असलेल्या जागी वेल्डिंग संपल्यावर किमान अर्धा तास पहारा ठेवायला सांगितलं आहे. घरात हौसेनं काम करणारा माणूस रात्री अकराला शेवटचा टाका मारतो आणि दिवा घालवून झोपायला जातो. काळजी वाटते ती या अर्ध्या तासाची.

दुसरी भीती आवाज न करणारी. उघड्या छताच्या गाडीचे सिल कापले, की मधे धरून ठेवणारं काही उरत नाही. शीग गाडीला दोन टोकांनी धरते, मधला भाग झोळीसारखा खाली येतो. दिसत काहीच नाही. नवे सिल वेल्ड होतात, रंग होतो, आणि शेवटी दार लावायला गेलं की ते बसत नाही. वाकलेल्या गाडीला नवं सिल त्याच वाकात कायमचं पक्कं करतं. म्हणून शिगेवर चढवण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडवे-तिरपे दांडे वेल्ड करायचे, दाराच्या फटी मोजून लिहून ठेवायच्या, आणि एका वेळी एकाच बाजूचं सिल कापायचं. काही जाणते तर एमजीबीचे सिल गाडी जमिनीवर, स्वतःच्या भारावर उभी असतानाच बदलतात आणि नंतर ती शिगेवर घेतात. उघड्या गाडीच्या बाबतीत त्यांचंच बरोबर वाटतं. ज्यांना हे सगळं नको, त्यांच्यासाठी ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी १९८८ पासून मूळ साच्यांवर एमजीबीची कोरी बॉडी बनवते. किंमत हजारो पौंड.

आपल्याकडे ही शीग फारशी रुजली नाही. डेंटर गाडी जुन्या टायरांच्या थप्पीवर कुशीवर टाकतो आणि दोन दिवसांत पत्र्याचं काम उरकतो. पण गाड्यांचा प्रश्न तोच आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट ११००, पुढची पद्मिनी, हीसुद्धा चॅसी नसलेलीच गाडी, आणि तिनं आयुष्य काढलं मुंबईच्या खाऱ्या हवेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. आता ज्यांच्या दारात घरची पद्मिनी झाकून ठेवलेली आहे, त्यांच्यापैकी कुणाला लाकडी शिगेचा मोह झाला, तर त्यांना एवढंच सांगणं. सगळी गाडी ज्या पत्र्यावर टांगली जाणार, तो बंपरच्या बोल्टांभोवतीचा पत्रा आधी साफ करून स्क्रूड्रायव्हरनं जोरात टोचून पाहा. टोक आत गेलं, तर वखारीत जाण्याची घाई करू नका.