गुन्हे वाढले की नोंदी वाढल्या? आकडा वाचताना एवढं बघा

चंद्रपूर/गडचिरोली : सावली तालुक्यातल्या परवान्याच्या दुकानातून घेतलेली दारूची बाटली वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात नेली, की नेणारा आरोपी होतो. माणूस तोच, बाटली तीच. फक्त जिल्हा बदलला.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ ला लागली अन् २०२१ मध्ये उठली. म्हणजे गुन्हा कशाला म्हणायचं हे आधी कायदा ठरवतो. नवऱ्यानं मजुरीचे पैसे दारूत उडवले तर गाव त्याला वाईट म्हणते, पण तेवढ्यानं पोलिसांत गुन्हा दाखल होत नाही.

आता मोजणी. चोरीत फिर्यादी ठाण्यात येतो. अवैध दारूत विकणारा बोलत नाही अन् घेणाराही बोलत नाही. धाड पडली तरच केस होते. धाडी वाढल्या की आकडा वाढतो, थांबल्या की घटतो. बंदी उठवताना वाढलेले गुन्हे हे एक कारण सांगितलं गेलं. पण त्यात बंदीमुळेच गुन्हा ठरलेल्या दारूच्या केसेस किती, हे वेगळं काढल्याशिवाय काहीच कळत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आकडाही दाखल गुन्ह्यांचाच असतो. एकाच एफआयआरमध्ये खून अन् घरफोडी असेल, तर मोजणीत फक्त खून येतो. गुन्हे वाढणं अन् गुन्ह्यांची नोंद वाढणं वेगळं, असं तो विभाग स्वतःच सांगतो.

उलटही होते. ऐन रोवणीत माझ्या मोटारपंपाची केबल चोरीला गेली. ठाण्यात जायला दिवस मोडला असता, म्हणून गेलोच नाही. ती चोरी कोणत्याच आकड्यात नाही.

म्हणून गुन्ह्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ फक्त पोलिसांच्या नोंदींवर थांबत नाहीत. 'वर्षभरात तुमच्यासोबत काय घडलं?' असं घरोघरी विचारतात. नाव न लिहिता 'तुम्ही स्वतः काय केलं?' हेही विचारतात. तिन्ही उत्तरं शेजारी ठेवली की खरं चित्र दिसायला लागते.

दारूबंदीवर पुन्हा वाद होईलच. तेव्हा कुणी आकडा फेकला, तर तीन गोष्टी विचारा : यात दारूच्या केसेस किती? धाडी किती पडल्या? अन् ज्या घरात मार खाल्ला जातो, त्या घरातल्या बाईला कुणी विचारलं का?