पावतीवरील रुपया
बडोद्यातील मंडळांच्या पावत्यांवर मराठीत ‘रु.’ आणि गुजरातीत त्या लिपीतले निराळे अक्षर छापावे लागे. ₹ या एका चिन्हाने ती अडचण सरली. (गुजरातीने सोडलेली शिरोरेषा त्यात आहे, याची आम्हांस मौज वाटते.) उदयकुमार यांनी रेखिलेले हे चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. विंडोज संगणकावर ‘इंग्रजी (भारत)’ हा कळफलक निवडावा आणि उजवी आल्ट कळ धरून ४ दाबावा, की ते उमटते. मात्र त्या आरंभीच्या काळातील हिशेब उघडताना वाचकांनी जपावे. तेव्हाच्या एका टंकात टॅबच्या वरच्या कळीवर हे चिन्ह बसविले होते. तो टंक नसलेल्या संगणकावर रुपयाच्या जागी बारीक तिरपी रेघ तेवढी दिसते. म्हणून आकड्याखाली ‘अक्षरी रुपये’ लिहिण्याची जुनी रीत आम्ही सोडलेली नाही.