पिल्लू बघायला जाताय? आधी त्याची आई बघा

इन्स्टावर गुबगुबीत लॅब्राडॉरचं पिल्लू दिसलं. फोटो घरच्या ग्रुपवर गेला, आई निम्मी तयारही झाली. मग समोरून मेसेज येतो, 'निम्मे पैसे गुगल पे करा, रविवारी पेणच्या एसटी स्टँडवर आणून देतो.' इथेच थांबा.

पेणला गणपती ठरवायला आपण कसे जातो? चार कारखाने हिंडतो, शाडूचा की पीओपीचा विचारतो, डोळ्यांची आखणी निरखतो. दीड-दहा दिवसांच्या पाहुण्यासाठी एवढं करतो, आणि दहा-बारा वर्षं घरात राहणारा जीव स्टँडवर खोक्यातून उचलायचा? ब्रीडर पनवेलचा असो की पुण्याचा, रोह्याहून मेमू पकडा, पण त्याच्या जागेवर जा.

तिथे पहिल्यांदा पिल्लाची आई बघायला मागा. ती खंगलेली आहे का, माणसाला बघून दबकते का, जागेला वास कसला येतो? 'आई गावी आहे' असं उत्तर मिळालं तर चहा पिऊन परत या. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मादी दीड वर्षाची होण्याआधी तिची पिल्लं काढायचीही मनाई आहे. नोंदणी क्रमांक बिनधास्त विचारा. 'केसीआय पेपर आहेत ना' हे त्याचं उत्तर नव्हे. ते पेपर वंशावळ सांगतात, तब्येत नाही.

खरी भीती पार्व्होची. विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात. म्हणजे रविवारी उड्या मारणारं पिल्लू शुक्रवारी उलट्या आणि रक्ताची हगवण घेऊन डॉक्टरांच्या टेबलावर. तोवर विकणाऱ्याने नंबर ब्लॉक केलेला असतो. हा विषाणू जागेत महिनोन् महिने टिकतो, म्हणून आधीच्या पिल्लांचं काय झालं तेही विचारा. 'फुल व्हॅक्सिनेटेड' या शब्दांवर जाऊ नका. पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांचं असताना, मग दर तीन-चार आठवड्यांनी, पार सोळा आठवड्यांपर्यंत. दोन महिन्यांच्या पिल्लाचं सगळं झालेलं असूच शकत नाही! कार्डावर लसीचा स्टिकर आणि डॉक्टरांची सही-शिक्का हवा.

चांगला ब्रीडर उलट तुमचीच परीक्षा घेतो. घरी कोण असतं, तुम्ही कॉलेजला गेल्यावर कोण बघणार, नाही जमलं तर परत आणाल ना? राग मानू नका. हस्की मागितलात तर आपल्या मे महिन्याच्या घामट उकाड्यात तो कसा राहणार, हेही विचारेल. पगचं नाक इतकं चपटं की उकाड्यात त्याला श्वासच पुरत नाही. विकायची घाई असलेला माणूस यातलं काही बोलणार नाही.

आणि जातिवंतच हवं असा हट्ट नसेल, तर आळीत एखादी गावठी कुत्री व्यालेली असेलच. तिथे आईही समोर असते, पैसेही लागत नाहीत. लसींचं वेळापत्रक मात्र तेच.