एसएमपीएसवरचा आकडा काय सांगतो?

गेमिंग कॉम्प्युटर जुळवायचा ठरला की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डासाठी लोक महिनाभर चौकशी करतात. या सगळ्यांना वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसची पाळी येते ती शेवटी, उरलेल्या पैशांत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तापकीर गल्ली, तिथे विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो: किती वॅटचा देऊ? हा प्रश्न अपुरा आहे, आणि त्यामागे काही पक्के गैरसमज आहेत.

पहिला वीजबिलाचा. ७५० वॅटचा एसएमपीएस लावला की मीटर तेवढाच पळणार, अशी अनेकांना धास्ती असते. तसे होत नाही. ७५० ही त्याची देण्याची कमाल क्षमता झाली. तो देतो तेवढेच, जेवढे आतले भाग मागतात. खेळताना ३०० वॅट लागत असतील, तर ५५० वॅटचाही ३०० देईल आणि ७५० वॅटचाही ३००च. बिलात फरक पडतो तो कार्यक्षमतेमुळे. ९० टक्के कार्यक्षम एसएमपीएस या ३०० वॅटसाठी भिंतीतून सुमारे ३३३ वॅट घेईल, ८० टक्केवाला ३७५. रोज चार तास खेळणाऱ्याला वर्षाकाठी साधारण ६० युनिटांचा फरक.

ही कार्यक्षमता ८० प्लसच्या ब्राँझ, गोल्ड अशा शिक्क्यांवरून कळते. पण गोल्ड म्हणजे सर्वांगाने उत्तम, असे मानू नका. वीज किती वाया जाते एवढेच तो शिक्का सांगतो. शॉर्टसर्किट झाले किंवा भार वाढला, तर एसएमपीएस वेळेवर बंद पडेल का, हे त्यातून समजत नाही.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे खोक्यावरचा मोठा आकडा खरा मानणे. एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असतो, तो वाचायची सवय लावा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. त्या रकान्यात १८ अँपिअर लिहिले असेल, तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. वर ४५० छापलेले असले तरी गेमिंगच्या कामाचे २१६च. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर याच रकान्यात ४५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर ग्राफिक्स कार्ड चालवू नये, असे मी म्हणतो ते याच तक्त्यामुळे.

मग किती घ्यावा? बेरीज करा. रायझन ५ ५६०० जास्तीत जास्त ७६ वॅटच्या आसपास घेतो, आरटीएक्स ४०६० चे ११५, बाकी बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५० धरा. झाले २४० वॅट. एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॅट सुचवते आणि चांगल्या प्रतीचा ५५० इथे पुरून उरतो. एक हजार वॅटची इथे काहीच गरज नाही; तो पैसा ग्राफिक्स कार्डात घाला.

पण मोठ्या कार्डांच्या बाबतीत नुसत्या बेरजेवर विसंबू नका. ती क्षणभरासाठी आपल्या नेहमीच्या भारापेक्षा खूप जास्त वीज ओढतात. खेळ ऐन रंगात असताना कॉम्प्युटर फट्दिशी बंद होतो, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात म्हणूनच एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसावा, अशी अपेक्षा आहे. आरटीएक्स ४०९० एकटे ४५० वॅटचे. त्याला किमान ८५० वॅट सुचवले जाते.

यूपीएसचे गणित वेगळे. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. खेळताना वीज गेली, तर मोठ्या कार्डाचा भार त्याला पेलणार नाही, एसएमपीएस कितीही वॅटचा असो.

आणि एक विनंती. मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या होणारा, एसएमपीएस बदलताना जुन्या केबली नव्याला जोडू नका. कनेक्टर नेमका बसला तरी एसएमपीएसच्या बाजूची तारांची जुळणी प्रत्येक कंपनीची, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही, निराळी असते. चुकीच्या पिनेवर १२ व्होल्ट गेले की हार्ड डिस्क जळते. नव्यासोबत आलेल्या केबलीच वापरा.