दीर्घ व्याधींशी सहवास (लेखांक ७) : पथ्याचा बंदोबस्त

मागील लेखांकात मधुमेह आणि रक्तदाब या दोन व्याधींच्या औषधांचा विचार करताना, औषधांखेरीज रुग्णाच्या स्वतःच्या हाती काय उरते, हा प्रश्न मी मुद्दाम पुढे ठेवला होता. कारण आहार, मनोवृत्ती आणि भावनांची जपणूक यांविषयी आपल्याकडे बहुधा उपदेशाच्याच स्वरात बोलले जाते, आणि तो उपदेश पदरी बांधून घरी परतलेला रुग्ण आधीच्यापेक्षा अधिक अपराधी होऊन बसतो. भोकरदन, मंठा किंवा घनसावंगी तालुक्यातील एखाद्या गावाहून जालन्याच्या दवाखान्यात आलेल्या माणसास ‘गोड बंद, भात बंद, मीठ कमी, काळजी करू नका’ असा चारकलमी हुकूम मिळतो; परंतु ज्या घरात तो अमलात यावयाचा त्या घरी चूल किती माणसांची पेटते, धान्य कोठून येते, स्वयंपाक कोण करतो आणि शेवटी कोण जेवतो, याची चौकशी क्वचितच होते. पथ्य ही एकट्या माणसाच्या निग्रहाची बाब आहे, ही समजूत मला घातक वाटते. ते सगळ्या घराच्या कारभाराचे काम आहे, आणि बऱ्याच अंशी गावाच्या व मुलखाच्याही.

प्रथम अन्नाकडे पाहू. दक्षिणेस गोदावरी आणि उत्तरेस पूर्णा यांच्या दरम्यान पसरलेल्या या काळ्या जमिनीच्या मुलखात ज्वारी, बाजरी, तूर, मूग आणि उडीद ही घरच्या पोटाची पिके होती, आणि पावसाळ्यात बांधावरून खुडून आणलेला तांदुळजा, घोळ किंवा चिवळ यांना कोणी पैसा मोजीत नसे. पुढे १९६४ साली संकरित ज्वारीचे पहिले वाण देशात प्रसृत झाले, त्याच वर्षी बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापन केली, आणि १९७२ च्या दुष्काळात परदेशाहून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीवर दिवस काढलेल्या पिढीस ‘हायब्रीड’ने पोटभर भाकरी दिली, हे ऋण विसरून जुन्या वाणांचे गोडवे गाणे मला प्रशस्त वाटत नाही. परंतु २००२ साली बीटी कापसास परवानगी मिळाल्यानंतर कापूस आणि त्याच्या जोडीने सोयाबीन यांनी शेते व्यापली, खाण्याच्या धान्याची जागा विकण्याच्या मालाने घेतली, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये रास्त भावाच्या दुकानातून मिळणारे धान्य प्रामुख्याने गहू आणि तांदूळच राहिले. ज्या रुग्णास ‘भाकरी खा’ असे सांगावयाचे त्याच्या कणगीत ज्वारी नाही, आणि बाजारात ती विकत घेणे त्यास गव्हाहून महाग पडते, ही वस्तुस्थिती ध्यानात न घेता दिलेला सल्ला कागदावरच राहतो.

शिवाय भाकरीविषयीही खरे तेच सांगितले पाहिजे. ज्वारी असो की गहू, दोहोंत सुमारे दोन-तृतीयांश भाग पिष्टमय पदार्थांचाच असतो, आणि म्हणून गव्हाच्या तीन पोळ्यांच्या जागी ज्वारीच्या तीन थोरल्या भाकरी आल्या तर रक्तातील साखरेस फारसा फरक कळत नाही. जालन्याच्या ज्या दगडी ज्वारीस अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले, तिचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु ती औषध नव्हे. भाकरीचा खरा गुण तिच्या सोबतीत होता. तिच्याबरोबर घट्ट वरण, मटकीची उसळ, अंबाडीची किंवा मेथीची भाजी, कांदा आणि ताक असे ताट भरत असे, चावून चावून खावे लागे, आणि दोन भाकरींनी तृप्ती येई. आज त्याच ताटात पातळ रस्सा आणि भाताचा ढीग उरला आहे. डाळींत शेकडा वीस-बावीस भाग प्रथिने असतात, आणि बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने तुरीची नामांकित वाणे जेथे सिद्ध केली त्या जिल्ह्यातच गरिबाच्या वरणात डाळ शोधावी लागावी, याचा विषाद वाटतो. ताटातली पहिली दुरुस्ती माझ्या मते ही : भात-भाकरी अर्ध्यावर आणावी, डाळ-उसळ दुप्पट करावी, आणि हे रुग्णाच्या ताटात वेगळे न वाढता सगळ्या घरासाठी एकाच पातेल्यात शिजवावे. मिठाचेही तसेच; प्रौढ माणसास दिवसाकाठी पाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा मीठ पुरेसे असताना ठेचा, लोणचे, पापड आणि येसराच्या आमटीतून त्याहून कितीतरी अधिक पोटात जाते.

आहाराने मधुमेह मागे हटतो काय, या प्रश्नाचे आज प्रामाणिक उत्तर ‘काहींच्या बाबतीत, होय’ असे देता येते. २०१७ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, सहा वर्षांच्या आत मधुमेहाचे निदान झालेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या १४९ रुग्णांना काही महिने दिवसाला साडेआठशे कॅलरींच्या आतबाहेरच्या मोजक्या आहारावर ठेवण्यात आले, तेव्हा वर्षाअखेर शेकडा ४६ जणांची साखर औषधांवाचून मधुमेहाच्या मर्यादेखाली आली होती. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी हे प्रमाण शेकडा ३६ वर उतरले. जे साधले ते टिकवावे लागते, हा त्या आकड्यांचा अर्थ. त्या रुग्णांची औषधे वैद्यांच्या देखरेखीखाली थांबवलेली होती आणि त्यांना वेळोवेळी भेटून धीर देणारी माणसे नेमलेली होती, हा भाग मात्र वृत्तपत्री मथळ्यांतून गळून जातो. तेथील रुग्ण बहुतेक चांगले वजनदार होते. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, अंगाने किरकोळ दिसणाऱ्या माणसाच्याही पोटात मेद साठलेला असतो, आणि म्हणून ‘मी तर वाळकाच आहे, मला कशी साखर?’ या आश्चर्यास आधार नाही.

महाराष्ट्रात या विषयाची चर्चा घरोघर नेण्याचे श्रेय डॉ. जगन्नाथ दीक्षित यांना द्यावेच लागेल. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारापासून प्रेरणा घेऊन त्यांनी सांगितलेला दोन वेळच्या जेवणाचा आणि रोज पाऊण तास चालण्याचा शिरस्ता पुष्कळांनी अंगीकारला, त्यास पैसा लागत नाही, आणि मधल्या वेळचा चहा-बिस्किटांचा रतीब त्यामुळे बंद होतो, हा त्याचा मोठा गुण. परंतु इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना कोणी आपल्याच विचाराने जेवणे कमी केली, तर साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊन घेरी येण्याचा संभव असतो. औषधाचे प्रमाण आधी बदलून घ्यावे, मग ताट बदलावे. हा क्रम उलटा होता कामा नये.

मोसंबीविषयी दोन शब्द, कारण आजाऱ्यास भेटावयास जाताना मोसंबीची पिशवी नेणे हा जालन्याचा रिवाजच आहे. साखरेच्या रुग्णाने तिच्या फोडी चोथ्यासह मोजक्या खाव्यात. चार-पाच फळांचा गाळलेला रस एका दमात पिणे ही वेगळीच गोष्ट झाली.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख विशेषकरून लिहिला तिच्याकडे येतो. रुग्ण पुरुष असेल तर त्याचे पथ्य पत्नी, आई किंवा सून सांभाळते. रुग्ण बाई असेल तर तिचे पथ्य कोण सांभाळतो? सर्वांचे ताट वाढून झाल्यावर उरलेला भात आणि पातेल्याच्या तळाशी राहिलेला रस्सा हे तिचे जेवण, शिळी पोळी टाकवत नाही म्हणून ती तिच्याच वाट्याची, आणि सकाळची गोळी जेवणापूर्वी घ्यावयाची असली तरी जेवणाची वेळच ठरलेली नसल्यामुळे गोळीचीही वेळ हुकते. कापूस वेचणीच्या दिवसांत अथवा ऊसतोडीच्या हंगामात तर घरच मुळी रस्त्यावर असते. अशा बाईस ‘स्वतःची काळजी घ्या, प्रसन्न राहा’ असे सांगणे म्हणजे तिच्या डोईवरील भाऱ्यात आणखी एक काम घालणे होय. तिच्यासाठी भावनिक जपणुकीचा पहिला अर्थ असा की तिचे ताट सर्वांबरोबर वाढले जावे, दुपारी अर्धी घटका ती आडवी झाली तर कोणी हाक मारू नये, आणि महिन्याकाठी तिच्या तपासणीस घरातले कोणीतरी तिच्यासोबत जावे. ही तजवीज तिने स्वतः करावयाची नसून घराने तिच्यासाठी करावयाची आहे.

मनाच्या संबंधात या जिल्ह्यास मोठा वारसा आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब येथे १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. मनाला उद्देशून २०५ श्लोक रचणाऱ्या या पुरुषाने दासबोधाच्या तिसऱ्या दशकात त्रिविध तापांचे निरूपण करताना शारीरिक रोगांची भली लांबलचक यादी दिली आहे. देहाच्या दुखण्यांकडे इतक्या उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्या ग्रंथकाराचे नाव घेऊन ‘मन खंबीर ठेवा म्हणजे रोग पळेल’ असे सांगणाऱ्यांनी तो समास एकदा वाचावा. मनाचे बळ रोग उत्पन्न होऊ देत नाही, ही कल्पना मानली तर जो आजारी पडला तो दुर्बळ मनाचा ठरतो, आणि रोगाच्या जोडीला लाज येते. चिंतेने शरीरातील काही संप्रेरके वाढून साखर व रक्तदाब चढतात, मधुमेह्यांत उदासीनतेचा विकार इतरांच्या सुमारे दुप्पट आढळतो, इतके निश्चित. परंतु चिंतेचे कारण पुष्कळदा मनाच्या बाहेर असते. २०१२-१३ च्या दुष्काळात ज्यांच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, वर्षानुवर्षे वाढवलेली झाडे ज्यांना कुऱ्हाडीने तोडून सरपणाच्या भावात द्यावी लागली, त्यांचा रक्तदाब ‘सकारात्मक विचारां’नी कसा उतरावा? कर्जाची फेरआखणी, विम्याची वसुली आणि टँकरची वेळेवर फेरी हीही त्यांच्या उपचाराचीच अंगे होत, असे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो.

शासनाने २०१५ साली मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू करून आशाताईंमार्फत खचलेल्या शेतकऱ्यांचा शोध घेण्याची आणि त्यांना समुपदेशनापर्यंत पोचवण्याची व्यवस्था केली, ती याच जाणिवेतून. टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते. बोलण्याने काय होणार, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी अमेरिकेतील डॉ. डीन ऑर्निश यांचा १९९० चा हृदयरुग्णांवरील प्रयोग सांगतो : अल्पस्निग्ध शाकाहार, तंबाखूचा त्याग, योगासने आणि चालणे यांबरोबरच रुग्णांनी आठवड्यातून दोनदा एकत्र बसून मन मोकळे करणे हा त्यात उपचाराचाच भाग होता, आणि वर्षाअखेर बहुतेकांच्या हृदयधमन्यांतील अरुंदपणा थोडा का होईना कमी झाला होता. प्रयोग लहान होता, आणि यश कोणत्या घटकाचे हे त्यावरून सांगता येत नाही. पण एकत्र बसण्याची सोय आपल्याकडे पूर्वीपासून आहे. एकादशीचे भजन, बचतगटाची बैठक, पारावरची संध्याकाळ यांतच गावातल्या साखरेच्या व रक्तदाबाच्या चार माणसांनी आपापल्या तपासणीचे कागद बरोबर आणावेत आणि एकमेकांचे आकडे वाचावेत, याला कोणाची मंजुरी लागत नाही.

शेवटी नवरात्राच्या उपासांविषयी. अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या दर्शनास जाणाऱ्या आणि नऊ दिवस उपास धरणाऱ्या रुग्णांनी साबुदाणा आणि बटाटा ही पथ्याची वस्तू समजू नये. दोन्ही निव्वळ पिष्टच. इन्सुलिन घेणाऱ्यांनी घटस्थापनेपूर्वीच डॉक्टरांकडून डोसाची नवी लेखी सूचना घ्यावी, हात थरथरू लागले, दरदरून घाम सुटला की तत्क्षणी साखरपाणी प्यावे आणि उपास मोडल्याचे पाप मानू नये. आणि घरातील वडीलधाऱ्यांनी ‘यंदा तू उपास धरू नकोस, तुझ्या वाटणीचा आम्ही धरतो’ असे आपण होऊन म्हणावे. उपासाच्या पदार्थांचा सविस्तर विचार पुढील लेखांकात करू.